इनुइटांची शिकार यंत्रांनी मोडली?

‘स्नोमोबाईल आली, कुत्र्यांच्या गाड्या गेल्या. जीपीएस आलं, लोक वाटा विसरले. टीव्ही आला, समाज संपला.’ कॅनडाच्या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांबद्दलचा, म्हणजे इनुइटांबद्दलचा, हा मजकूर सध्या फार फिरतोय. तो वाचून राग येतो, कारण त्यात खरा दोषी सुटतो.

आधी बर्फावरून गाड्या ओढणारी कुत्री. स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटरगाडी, वेगवान होती, तिला रोज मांस घालावं लागत नव्हतं, म्हणून अनेकांनी ती आपणहून घेतली. पण त्याच सुमारास, म्हणजे १९५० ते १९७०च्या दशकांत, शिकारीच्या तळांवर पांगून राहणारी कुटुंबं शाळा, घरं, दवाखाना यांच्यासाठी सरकारी वस्त्यांत आणली गेली. तिथे मोकळी कुत्री धोकादायक ठरली आणि पोलिसांनी ती गोळ्या घालून मारली. किकिक्तानी या इनुइट प्रदेशाच्या सत्यशोधन आयोगाने २०१०मध्ये हे नोंदवलं. कॅनडा सरकारने २०१९मध्ये माफी मागितली. कुत्री गेली, शिकारीची ठिकाणं वस्तीपासून लांब पडली. मग माणसाने तिथवर जायचं कसं? स्नोमोबाईलनेच अनेकांची शिकार टिकवली.

स्नोमोबाईलला पेट्रोल हवं. त्यासाठीचा पैसा सील या समुद्री प्राण्याच्या कातड्यांतून यायचा. १९८३मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट बहुतेक करून मोठे सील मारतात आणि मांस खातात. तरी बाजार सगळ्याच कातड्यांचा कोसळला. बंदूक वापरली म्हणून शिकार पारंपरिक राहत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की ते मांस आजही नात्यागोत्यात, म्हाताऱ्यांना वाटलं जातं.

जीपीएसच्या मुद्द्यात तथ्य आहे. यंत्र सरळ रेषा दाखवतं, पातळ बर्फ दाखवत नाही. थंडीत बॅटरीही दगा देते. वाऱ्याने घडवलेल्या बर्फाच्या कडांवरून दिशा ओळखणं तरुणांनी शिकलंच पाहिजे, आणि जाणते शिकारी ते शिकवतात. पण २०१९पासून ‘सिकू’ या अ‍ॅपवर शिकारी स्वतःच बर्फाच्या धोक्याच्या जागा आपल्या भाषेत नोंदवून इतरांना सावध करतात. हे विसरणं कसं?

राहिला टीव्ही. इग्लूलिक या इनुइट गावाने १९७५ आणि १९७९मध्ये मतदान करून तो नाकारला, कारण त्यावर इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, काहीच नव्हतं. आपल्या भाषेतले कार्यक्रम मिळण्याची सोय झाली, तेव्हाच गावाने होकार दिला.