रायगड पुन्हा बांधा म्हणणाऱ्यांनी हिमेजी नीट बघावं

2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एकच मागणी फिरून फिरून येतेय की आता रायगडावरचा राजवाडा, राजसदर, राण्यांचे महाल सगळं जसं होतं तसं पुन्हा उभं करा. त्यात कोणीतरी हमखास हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याचा फोटो टाकतं, जपानला जमतं मग आपल्याला का नाही म्हणून. मी ओसाकात राहतो, हिमेजी इथून जलद गाडीने तासाभरावर, त्यामुळे घरून कोणी आलं की एक दिवस तिकडे जाणं होतंच. म्हणून मनापासून सांगतो, हे उदाहरण आपण उलटं वाचतोय.

हिमेजीचा मुख्य बुरूजवाडा, म्हणजे किल्ल्यातली मधली उंच मजल्यांची इमारत, 1609 मध्ये इकेदा तेरुमासा या सरदाराने पूर्ण केला आणि तो तेव्हापासून उभाच आहे. पडला आणि परत बांधला असं झालेलंच नाही. आणि जपानी लोकांनीही काही सगळं प्रेमाने जपलं असं नाही हं. 1873 मध्ये मेजी सम्राटाच्या नव्या सरकारने बहुतेक किल्ले निकाली काढायचा हुकूम काढला, कितीतरी पाडले, लाकूड विकलं, हिमेजीचा तर लिलावही झाला होता. नाकामुरा शिगेतो नावाच्या लष्करातल्या कर्नलने 1878 च्या सुमाराला वरच्यांकडे रदबदली केली म्हणून तो राहिला, त्याच्या नावाचा दगड आजही आत शिरल्यावर पहिल्या दरवाजाजवळ आहे. 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळलं, किल्ला वाचला. अख्ख्या जपानात असे मूळचे बुरूजवाडे आज फक्त 12 उरलेत.

परवा आत्या आणि तिचा नातू आले होते तेव्हा आतून पुन्हा बघितला. दारात बूट काढून पिशवीत घालायचे आणि हातात घेऊन चढायचं. जिने इतके उभे की आत्या दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "तुम्ही जा वर, मी इथेच बसते", आणि तिला पर्याय नव्हता कारण लिफ्ट नाहीये. पोराला मी तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडचा मोठा खांब दाखवला. तळापासून वरपर्यंत सुमारे 25 मीटर जाणारे असे दोन खांब आहेत. 1956 ते 1964 या काळात किल्ला अक्षरशः सुटा करून परत जोडला तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला निघाला. तेवढं मोठं झाड एकसंध मिळेना म्हणून दोन ओंडके जोडून नवा खांब केला, तो सांधा नेमका तिसऱ्या मजल्यावर आहे, हात लावून बघता येतो. पूर्वेचा खांब मात्र जुनाच, फक्त बुडाशी नवं लाकूड. म्हणजे जे कुजलं तेवढंच बदललं. जमीन वजनाने खचत होती म्हणून खाली काँक्रीटचा पाया घातला, पण जुने पायाचे दगड फेकले नाहीत, बाहेर मोकळ्यावर पूर्वीच्या मांडणीत लावून ठेवलेत.

मग 2009 ते 2015 परत काम निघालं, कौलं आणि चुन्याचा गिलावा, खर्च सुमारे 240 कोटी येन. किल्ल्याभोवती शेड उभारली आणि त्यात लिफ्ट बसवून लोकांना छपराच्या उंचीवर नेलं, गवंडी गिलावा कसा करतात, कौलं कशी बसवतात ते काचेतून दाखवायला. मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. काम उघडल्यावर इथल्याही लोकांनी कुरकुर केली की फारच पांढरा दिसतोय, पण गिलावा तसाच असतो, काही वर्षांत काळवंडतो.

आता रायगड. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि लाकडी वाडे जळाले, आपल्याकडे उरली ती जोती. जोत्यावरून खोल्यांचा आकार कळतो, पण खांब किती उंच होते, छप्पर कसं होतं, नक्षी कुठली, हे कळायला कोणाचे नकाशे आहेत? युनेस्कोचा नियमही हेच म्हणतो की पुन्हा बांधणं अपवाद म्हणूनच आणि पूर्ण नोंदी असतील तरच, अंदाजाने नाही. जपानमधल्याच नागोया शहराचं बघा. 1945 मध्ये जळालेला तो किल्ला 1959 मध्ये काँक्रीटचा बांधला, आता पाडून लाकडाचा करायचाय. त्यांच्याकडे जळण्याआधीची मोजमापं आणि शेकडो फोटो आहेत, तरी 2018 पासून तो बुरूजवाडा बंद आहे, आणि मोठा वाद चाललाय तो अपंगांसाठी लिफ्ट ठेवायची की मूळ रूप म्हणून नाही ठेवायची यावर. आत्याला खाली बसलेलं बघितल्यावर मला तो वाद क्षुल्लक अजिबात वाटत नाही.

ग्रुपवर मामा म्हणतो, "पोरांना जोती दाखवून काय कळणार?" त्याचं म्हणणं चूक नाही, हिमेजीत तिरपे रस्ते, एकामागून एक दरवाजे आणि जंग्यांचे, म्हणजे भिंतीतून मारा करायच्या भोकांचे, गोल, चौकोनी, त्रिकोणी आकार बघून पोरगं दोन तास हललं नाही, ते राजसदरेच्या जोत्यावर होणार नाही. पण त्यासाठी पायथ्याशी पाचाडला चांगलं संग्रहालय करा, मोठी मॉडेलं करा, त्यात अंदाज चुकला तर बदलता येतो. गडावर दगडात चुकलं की तेच पुढे इतिहास म्हणून फोटोत जातं.

रायगडासाठी 600 कोटींच्या आसपासचा आराखडा मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली. माझी मागणी एवढीच की त्यातला मोठा हिस्सा तटबंदी, टाकी, पायवाटा आणि चुन्याचं काम येणारी माणसं तयार करण्यावर जावा, कारण ती माणसं नसतील तर दर पावसाळ्यानंतर सिमेंट थापलं जाणार. आणि पैसे कायम येत राहायची सोय हवी. हिमेजीने 1 मार्च 2026 पासून शहराबाहेरच्या प्रौढांना 2500 येन केले, शहरातल्यांना 1000 च ठेवले, अठराखालच्यांना फुकट. आधी परदेशी लोकांनाच जास्त लावायची चर्चा होती, पण शेवटी टोकियोचा जपानी आणि मी एकाच रांगेत आलो. रायगडालाही महाड-पाचाडच्या लोकांना फुकट आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना जास्त तिकीट लावायला काय हरकत आहे, फक्त तो पैसा गडावरच खर्च झाला पाहिजे आणि दरवर्षी त्याचा हिशेब पायथ्याशी फलकावर लागला पाहिजे.