बाठा आधी सुकवा, मग त्यातून काय काढायचं ते बोलू

मे संपत आला की कोकणातल्या कुठल्याही कॅनिंगच्या मागच्या अंगाला जाऊन बघा. पुढच्या दाराने हापूसचा पल्प डब्यांत भरून बाहेर पडत असतो आणि मागे साली आणि बाठ्यांचा, म्हणजे कोयींचा, ढीग चढत असतो. आंबलेला वास, माशा, आणि पहिला पाऊस पडला की त्या ढिगातून ओघळणारं काळं पाणी थेट वहाळाला. फळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा, काही जातींत जवळजवळ निम्मा भाग असा मागच्या दाराने जातो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. या ढिगाबद्दल मात्र बोलणं होत नाही, म्हणून आज जरा लांबण लावते.

या विषयावर भाषण झालं की त्यात 'कचऱ्यातून सोनं' येतंच. पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ), पॉलिफिनॉल, मँगिफेरिन अशी नावं पडद्यावर झळकतात, टाळ्या पडतात आणि पुढच्या हंगामात ढीग तिथेच. आपलं घोडं शास्त्रापाशी अडलेलं नाही, वाळवणापाशी अडलंय, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. रतांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडला की सालीचं आमसूल होतं, रसाचं आगळ होतं आणि उरते बी. व्याख्येने बघितलं तर ती प्रक्रियेतला टाकाऊ भागच. पण आपल्या आज्यांनी ती कधी टाकली नाही. बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेलं तेल थंड झालं की काढून मुठीत दाबून गोळे करायचे. तेच मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना लावलेलं आणि गरम भातावर विरघळलेलं अनेकांना आठवत असेल. हे तेल साध्या तापमानाला घट्ट राहतं आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं, कारण त्यात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्लं आहेत. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता कोकणातल्या बायकांनी एका उपउत्पादनातून शुद्ध, टिकाऊ मेद वेगळा केला. आणि हे जमलं त्याचं एक मोठं कारण साधं आहे: अंगणात आमसुलांचं वाळवण पडलेलंच असायचं, त्याच उन्हात शेजारी बियाही पडायच्या.

आता पुढची गोष्ट वाचा. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमावलीत कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य मेदांना चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली आहे. त्या सहांत कोकमाचं तेलही आहे आणि आंब्याच्या कोयीचं तेलही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. या दोन्ही गोष्टी ज्या मातीत शेजारी-शेजारी पिकतात, तिथे त्यातली एक आपण मुठीत वळतो आणि दुसरी उकिरड्यावर टाकतो. छत्तीसगडमध्ये साल वृक्षाच्या बिया आणि आंब्याच्या कोयी गोळा करून असा मेद काढण्याचा उद्योग उभा आहे. म्हणजे बाजार आहे, तंत्रही आहे.

मग आपल्याकडे का होत नाही? ढोबळ हिशेब मांडते. एक टन आंब्यातून साधारण १५० किलो बाठे निघाले असं धरा. फोडून आतली गिरी ओली असताना ९० किलोच्या आसपास भरेल, वाळल्यावर ५० किलो. तिच्यात मेद १० टक्के धरला तर हाती ५ किलो. सालीचंही तसंच: १५० किलो ओली साल वाळून ४० किलो होते आणि त्यातून फार तर ४ ते ८ किलो पेक्टिन. हे आकडे फळ, जात आणि पद्धत यांप्रमाणे बदलतील, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. एकट्या छोट्या युनिटला एवढ्याशासाठी यंत्रं परवडणार नाहीत. दहा-पंधरा युनिटचा माल एकत्र आला तरच गणित जुळतं. आणि ओला माल लांब न्यायचा म्हणजे टेम्पोचं भाडं भरून पाणी वाहायचं.

त्यात वेळ मिळत नाही. ओल्या गिरीतली विकरं (एन्झाइम) लगेच तेल तोडायला लागतात, आम्लता चढते, वर बुरशी धरते. असं तेल खाद्य उपयोगाचं राहत नाही, फार तर साबणाला जातं. सालीतलं पेक्टिनही सालीतल्याच विकरांमुळे तुटतं आणि मग त्याची जेली नीट धरत नाही. काही मिनिटं वाफ देऊन लगेच सुकवलं तर हे थांबतं. युरोपात सफरचंदाचा रस काढल्यावर उरलेला चोथा वाळवून पेक्टिनवाल्यांना विकला जातो; त्या उद्योगाचा पायाच वाळलेला चोथा आहे. आपला हंगाम मात्र नेमका पावसाच्या तोंडावर संपतो. उन्हाच्या भरवशावर राहिलात की जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं काळं पडलंच म्हणून समजा.

म्हणून माझी मागणी प्रयोगशाळेची नाही, सामाईक ड्रायरची आहे. कॅनिंगमध्ये बॉयलर असतोच. त्याच्या धुराड्यातून जाणारी उष्णता वापरता येते. बाठ्याचं वरचं टणक कवच वाळलं की चांगलं जळण होतं, म्हणजे गिरी सुकवायला लागणाऱ्या इंधनाचा काही भाग बाठाच पुरवेल. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत गट आणि सहकारी संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. अशा योजनांतून आणखी एक पल्पर (गर काढायचं यंत्र) घेण्याआधी ड्रायर आणि बाठे फोडायचं यंत्र मागितलं पाहिजे.

काहीजण म्हणतील, एवढं कशाला, सगळं बायोगॅसला घाला. बायोगॅस चांगलाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण क्रम चुकवू नका. आधी मेद आणि पेक्टिन काढा, मग उरलेला चोथा गॅसला आणि स्लरी बागेला. एकदा सगळं टाकीत कुजवलं की त्यातलं मौल्यवान काही परत मिळत नाही.

सालीच्या पावडरीच्या, अर्काच्या कॅप्सूल विकू पाहणाऱ्यांनाही एक सांगायचंय. सालीत मँगिफेरिन आणि इतर अँटिऑक्सिडंट आहेत हे खरं. पण फवारणीचे अंशही बहुतेक सालीवरच असतात, आणि अर्क काढताना सोबत तेही घट्ट होऊ शकतात. कुठल्या बागेचा आंबा, कोणती फवारणी, शेवटची कधी, ही नोंद आणि अंशांची तपासणी असल्याशिवाय सालीची पावडर कोणाच्या पोटात जाऊ नये. शिवाय आजार बरा होण्याचे दावे माणसांवरच्या चाचण्यांशिवाय करणं मला अजिबात मान्य नाही. सुरुवात कोयीच्या तेलाने करा. त्याला ठरलेला ग्राहक आहे आणि आम्लता, ओलावा, वितळबिंदू मोजला की माल कसा आहे ते कळतं.

अजून एक. बाठे गोळा करणं, फोडणं, निवडणं हे काम बायकांच्या वाट्याला येणार, हे उघड आहे. मुठेलाचं ज्ञान त्यांचंच होतं. तेव्हा या वेळी त्यांना नुसती रोजंदारी नको, गटाच्या नावाने ड्रायरची मालकी हवी. वाळलेल्या गिरीचा भाव त्यांनीच ठरवावा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांचं स्वतःचं युनिट आहे त्यांनी कृपा करून कमेंटमध्ये लिहा: हंगामात रोज साधारण किती बाठे निघतात, त्यांचं काय करता, आणि बॉयलर लाकडावर चालतो की डिझेलवर. जवळजवळची दहा युनिट तयार झाली तर पावसाळ्यातच एकत्र बसून प्रस्ताव लिहू. तेल आणि पेक्टिनच्या तांत्रिक बाजूसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकारांची मदत मागू. दिवाळीनंतर मोहोराची गडबड सुरू झाली की कोणालाच वेळ नसतो.