‘यूपीएस घेऊनही आवाज बंद, रिसीव्हरही गेला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देताना तुम्ही तीन मुख्य गोष्टी लिहिल्यात. लाईट गेली की पडद्यावर चित्र राहतं, पण आवाज बंद होतो. पॉवर कंडिशनर (सॉकेटमधून येणारे विजेचे झटके अडवणारी पेटी) बसवूनही परवाच्या वळवात रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) गेला. आणि शेजाऱ्यांचा टीव्ही, साउंडबार घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, म्हणजे आम्ही यूपीएस तुमच्या गळ्यात मारला. हजारो रुपये घालून घरात थिएटर करायचं आणि पहिल्याच पावसाळ्याआधी ते बंद पडायचं, यात राग येणारच. तिन्हींचं उत्तर सगळ्यांसमोर देतो, कारण बंगल्यात प्रोजेक्टर लावणारे बरेच जण हेच विचारत येतात.

आवाज बंद होतो तो आम्ही मुद्दाम तसा जोडलाय म्हणून. तुमचा प्रोजेक्टर लॅम्पचा आहे. तो बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो, ते लॅम्प थंड करण्यासाठी. लाईट अचानक गेली तर पंखाही थांबतो, उष्णता आतच कोंडते आणि लाईट येताच कुणी पुन्हा चालू केला तर तापलेल्या लॅम्पवर ताण येतो. तुमचा यूपीएस १ केव्हीएचा, म्हणजे ६०० वॅटचा. आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन बॅटऱ्या. प्रोजेक्टर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून ३०० वॅटच्या आसपास घेतात, तेवढ्यावर दहा-बारा मिनिटं मिळतात. लाईट क्षणभर जाऊन आली तर प्रोजेक्टरला कळतही नाही, आणि खरंच गेली तर तो नीट बंद करायला वेळ मिळतो. रिसीव्हर आणि सबवूफर त्याच यूपीएसवर टाकले असते, तर मोठ्या आवाजाच्या एखाद्या प्रसंगात ओव्हरलोड होऊन यूपीएसच ट्रिप झाला असता आणि प्रोजेक्टरही धाडकन बंद पडला असता. म्हणून ते दोन्ही यूपीएसवर नाहीत, कंडिशनरमधून लाईनवर आहेत.

लोडशेडिंगमध्ये तीन तासांचा अख्खा सिनेमा बघायचा तर २-३ केव्हीएचा साइन वेव्ह (लाईनसारखीच सलग लहरीची वीज देणारा) यूपीएस आणि १५० एएचच्या किमान दोन बॅटऱ्या लागतात. त्याच्या पंख्याचा आवाज येतो, म्हणून तो थिएटरच्या खोलीबाहेर ठेवावा लागतो. तो पर्याय कोटेशनच्या दुसऱ्या पानावर दिला होता. आजही करता येईल, आत्ताचा यूपीएस प्रोजेक्टरपुरता राहू द्या.

शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरचं म्हणाल तर एलईडी टीव्हीला तो चालतो, यात वाद नाही. पण घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांच्या मोडवर असेल तर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडू शकतो. मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असेल तर तो वेळ बराच खाली येतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा असेल तर मात्र मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा रिसीव्हर त्यावर लावूच नये. ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो.

आता रिसीव्हर. आमच्या दुकानातल्या मुलानं तो उघडून पाहिला. ॲम्प्लिफायर शाबूत, मेन फ्यूज शाबूत, यूपीएस आणि कंडिशनरही चालू. जळलाय तो एचडीएमआयचा (चित्र-आवाजाची वायर जिथे लागते तो) बोर्ड, आणि त्याच्याबरोबर सेट-टॉप बॉक्स. लाईनमधून झटका आला असता तर आधी पॉवर सप्लाय गेला असता. हा आभाळातल्या विजेचा झटका गच्चीवरच्या डिशच्या केबलनं खाली आला आणि सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरनं रिसीव्हरमध्ये शिरला. कंडिशनर भिंतीतल्या सॉकेटवर राखण करतो. केबलवरून येणाऱ्या विजेला तो अडवू शकत नाही, मग तो कितीही महाग असो.

दुसरं, आणि मला जास्त काळजी याची वाटते: तुमच्या घराचं अर्थिंग. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावला की चुरचुरतं, असं वहिनी म्हणाल्या होत्या. जोडणीच्या दिवशी मीटर लावला तेव्हा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये शंभरेक व्होल्ट दिसले. चांगल्या अर्थिंगला तिथे दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. शंभर म्हणजे थ्री-पिनची वरची पिन जमिनीपर्यंत पोचतच नाही. उपकरणांच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज पत्र्यावर साठून राहते. कंडिशनरमधले जादा व्होल्टेज शोषणारे भाग ते काही अंशी अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर त्यांचं अर्धं काम होत नाही. बिलावर ‘आधी अर्थिंग करून घ्यावे’ असं लिहून दिलं होतं. ते काम अजून राहिलंय, आणि थिएटर नसतं तरी ते करायला हवं, घरात लहान मुलं आहेत.

कंडिशनरनं आवाजात फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. पडणार नव्हता. आमच्या दुकानात कुणीही तसं सांगून तो विकत नाही. तुमच्या बोर्डात आम्ही बसवलेल्या ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफचं मोल मला त्याहून जास्त वाटतं, कारण डीपीवर (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. अशा वेळी कंडिशनर स्वतःच जळतो, कटऑफ लाईन तोडतो.

कंपनीची वॉरंटी विजेच्या नुकसानीला लागू होत नाही, ते आमच्या हातात नाही. यूपीएसचे पैसे परत देणार नाही, कारण तो त्याचं काम नीट करतोय. एचडीएमआय बोर्ड कंपनीच्या दरात मागवतो, बसवायची मजुरी घेणार नाही, आणि तो येईपर्यंत दुकानातला एक रिसीव्हर तुमच्याकडे लावून देतो. घराचा विमा असेल तर वीज पडून झालेलं नुकसान त्यात बसतं का बघा, तपासणीचा रिपोर्ट लेखी देऊ.

रविवारी सकाळी मी स्वतः वायरमनला घेऊन येतो. अर्थिंगचा खड्डा, बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (लाईनवरचा झटका अर्थकडे वळवणारा), डिशच्या केबलवर अरेस्टर (केबलवरचा झटका अर्थकडे वळवणारा) आणि हे सगळं एकाच अर्थला बांधणं, एवढं काम आहे. तोवर आभाळ भरून आलं की डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून आणि प्लग भिंतीतून, दोन्ही काढून ठेवा. गच्चीची किल्ली मात्र सकाळी हाताशी असू द्या.