आधी निष्कर्ष, मग आकडे

अक्षय ऊर्जेमुळे अर्थव्यवस्था वाढते, की वाढलेल्या अर्थव्यवस्थेलाच अक्षय ऊर्जा परवडते? यावर अधिकारवाणीने बोलायचंय ना? मग पहिल्यांदा उत्तर ठरवा. आकडे काय, कुठे पळून जात नाहीत.

उत्तरं चारच आहेत. ऊर्जेमुळे वाढ, वाढीमुळे ऊर्जावापर, दोन्हींची एकमेकांना ओढ, किंवा एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. १९७८ मध्ये क्राफ्ट आडनावाच्या दोन अर्थतज्ज्ञांच्या जोडगोळीने अमेरिकेचे १९४७ ते १९७४ चे आकडे तपासले आणि उत्पन्नाच्या मागून ऊर्जावापर जातो, असं सांगितलं. तेव्हापासून हा धंदा तेजीत आहे. देश बदला, वर्षं बदला, हवं ते उत्तर निघतं. ज्योतिषालासुद्धा इतकी मोकळीक नसते.

कसोटी ग्रेंजर या अर्थतज्ज्ञाची लावा. वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या एका मालिकेतल्या मागच्या आकड्यांनी दुसरीचा अंदाज सुधारतो का, एवढंच ती बघते. तुम्ही मात्र ‘कारण सिद्ध झालं’ असं ठोकून द्या. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, ही म्हण तळटीपेतसुद्धा नको.

खरी मेजवानी पुढेच आहे. ‘एकूण ऊर्जावापरात अक्षय ऊर्जेचा वाटा’ हा जागतिक बँकेचा रकाना डोळे मिटून उतरवून घ्या. त्यात सौरपॅनेल आहेत, पवनचक्क्या आहेत आणि चुलीतलं सरपणही आहे. लाकूड पुन्हा उगवतं, म्हणून ते अक्षय! (उगवलं का, हे रकाना विचारत नाही.) त्यामुळे कांगो लोकशाही प्रजासत्ताकाचा वाटा ९० टक्क्यांच्या वर, आणि जवळपास सगळी वीज पाण्यावर काढणारा नॉर्वे ६० च्या आसपास. नॉर्वेकरांना फुंकणीचा सराव नाही, दुसरं काय!

आता बघा. एखाद्या घरात गॅस आला. बाईचा खोकला कमी झाला, मोळीची पायपीट वाचली, त्या वेळात तिने चार पैसे मिळवले. तुमच्या आलेखात काय दिसणार? अक्षय ऊर्जा घटली, उत्पन्न वाढलं. म्हणजे अक्षय ऊर्जा विकासाला मारक! टाळ्या.

तुम्ही पलीकडच्या गोटातले असाल तरी निराश होऊ नका. फक्त श्रीमंत देश निवडा आणि २०१० पासून सुरुवात करा. पुढच्या दहा वर्षांत सौरपॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, तेव्हा पॅनेलची रेघ आपसूकच वर जाईल. उत्पन्नाचीही जात असेल, तर दोघींचं लग्न लावून मोकळे व्हा.

एखादा खवट परीक्षक ‘सरपण वेगळं काढून दाखवा’ म्हणेल. अजिबात काढू नका, निष्कर्ष उलटायची भीती असते. शेवटी ‘या विषयात पुढील संशोधनास वाव आहे’ असं लिहा आणि सही करा.