बिनविरोध बगदाद

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज हटकून फिरून येतो : 'देश पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील.' या खेपेला तो कोरेगावच्या काकांनी टाकला. निमित्त गावच्या रस्त्याचं. नारळ दोनदा फुटला, खडी अजून कडेलाच पडलीय. त्यावर चुलतभावाचं म्हणणं, मिलिटरी कशाला, राजेच बरे होते. 'ताई, तू तर राजाच्या राज्यात राहतेस, तूच सांग.'

मी राहते जॉर्डनमध्ये, अम्मानला. नवऱ्याची नोकरी खताच्या कारखान्यात, माझी एका शाळेत. खरं सांगायचं तर आमचं इथे बरं चाललंय. रात्री अकराला मी एकटी टॅक्सीने घरी येते आणि आईला ते फोनवर सांगताना जरा मिरवतेही. हेही खरं, की किराणा दुकानापासून सलूनपर्यंत सगळीकडे राजाचा फोटो असतो आणि त्या फोटोविषयी कुणी वेडंवाकडं बोलत नाही. मीही बोलत नाही. राजाचा अवमान हा इथे कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा चुलतभावाला माझ्याकडून अर्धंच उत्तर मिळणार, हे त्याने समजून घ्यावं.

उरलेलं अर्धं वरच्या मजल्यावर आहे. तिथे बगदादचे एक आजोबा राहतात. मी त्यांना 'अम्मू' म्हणते, म्हणजे काकाच. त्यांच्याकडे गेलं की छोट्या काचेच्या इस्तिकानातून काळा, गोड चहा येतो आणि गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी १४ जुलै १९५८वर येऊन थांबतात. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. राजा आणि मिलिटरी ही दोन्ही औषधं त्यांच्या देशाने लागोपाठ घेतली आहेत, म्हणून मला त्यांचं ऐकावंसं वाटतं.

त्या दिवशी घडलं ते थोडक्यात असं. इराकी लष्कराच्या २०व्या ब्रिगेडला जॉर्डनकडे कूच करण्याचा हुकूम होता. जलावलाहून निघालेली ही फौज पहाटे बगदादमधून पुढे जायची, ती तिथेच थांबली. अब्दुल सलाम आरिफ या अधिकाऱ्याने रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन राजेशाही संपल्याचं जाहीर केलं. त्याचा वरिष्ठ साथीदार अब्दुल करीम कासिम मागून येऊन पंतप्रधान झाला. रिहाब राजवाड्याच्या अंगणात तेवीस वर्षांचा राजा फैसल दुसरा, त्याचा मामा अब्दुल इलाह आणि घरच्या बायकाही गोळ्यांना बळी पडल्या. पुनःपुन्हा पंतप्रधान झालेले नूरी अल-सईद दुसऱ्या दिवशी बाईच्या वेषात पळताना सापडले आणि मारले गेले. अम्मूंचे वडील शाळामास्तर. १४ तारखेला ते रस्त्यावर नाचत होते, असं अम्मू सांगतात.

शाळामास्तर का नाचला? पुस्तकात याची कारणं इंग्रज, इजिप्तचे नासर आणि इंग्रजांसोबतचा लष्करी 'बगदाद करार' अशी येतात, आणि ती खोटी नाहीत. फैसलच्या आजोबांना १९२१ मध्ये इंग्रजांनीच अरबस्तानातल्या हेजाजमधून आणून गादीवर बसवलं होतं. त्याआधी तो मुलूख जिंकायला फौज गेली ती मुख्यतः हिंदुस्थानातून. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. आमच्या गावच्या चावडीवरची संगमरवरी पाटी, इथून इतके जण महायुद्धावर गेले असं सांगणारी, काका रोज बघतात. त्यातले काही 'बसऱ्याला' गेले होते. इराकमध्ये १९३२ साली दिनार येईपर्यंत आपला रुपया चालत होता, आणि गावगाड्यासाठी इंग्रजांनी केलेला टोळ्यांचा वेगळा कायदाही आपल्या वायव्य सरहद्दीच्या धर्तीवरचा होता. शहराला एक न्याय, खेड्याला दुसरा, आणि खेड्यात न्याय देणारा म्हणजे शेख, टोळीचा प्रमुख.

मला खरं कारण इथे दिसतं. टोळीची सामाईक जमीन हळूहळू शेखच्या नावावर चढली. १९३३च्या कायद्याने तर कुळाच्या डोक्यावर मालकाचं कर्ज असेल तोवर त्याला जमीन सोडून जाता येईना. आपल्याकडे ऊसतोड कामगार उचल फिटेपर्यंत बांधला जातो तसंच, फक्त तिथे ते कायद्याच्या पुस्तकात छापलेलं. दक्षिणेतल्या अमारा भागातली कुटुंबंच्या कुटुंबं रातोरात पळून बगदादला येत आणि वेताच्या-मातीच्या झोपड्या बांधून राहत. त्यांना सरीफा म्हणत. अम्मूंच्या शाळेची वाट अशाच वस्तीवरून जाई.

आणि पैसा नव्हता असं नाही. १९५२ मध्ये तेल कंपन्यांशी निम्म्या नफ्याचा करार झाला, तेलाच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा विकास मंडळाकडे जाऊ लागला. बंधारे आणि धरणं उभी राहिली. समाऱ्याचा बंधारा १९५६ मध्ये झाला आणि बगदादची पुराची भीती सरली. कामं चांगली होती. नूरी यांचा हिशेब असा, की आधी पाणी, फळं मागाहून. पण पाणी जाणार होतं शेखच्याच जमिनीवर, आणि जमिनीला हात लावायचा नाही, कारण संसदेत शेखच बसलेले. विकास दिसतोय पण आपल्या दारात येत नाही, याची चीड उपाशीपणाच्या चिडेपेक्षा कडवट असते असं मला वाटतं. अम्मूंना हे पटत नाही. ते म्हणतात, तू कधी उपाशी राहिली नाहीस.

आता काकांसाठी मुद्द्याचं. जून १९५४ मध्ये इराकमध्ये निवडणूक झाली. विरोधकांच्या आघाडीला १३५ जागांच्या सभागृहात मूठभर जागा मिळाल्या. तेवढ्याही नूरी यांना खपल्या नाहीत. सभागृह बरखास्त झालं, पक्ष बंद झाले, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक घेतली तेव्हा शंभराहून अधिक जागा बिनविरोध. आपल्याकडे 'आमच्या गावची निवडणूक बिनविरोध झाली' हे छाती फुगवून सांगतात. मीही आजवर ते कौतुकानेच ऐकत आले होते. बगदादमध्ये याच बिनविरोध संसदेच्या काळात १९५५चा बगदाद करार झाला. १९५६ मध्ये इंग्रजांनी इजिप्तमध्ये सुएझवर हल्ला केला तरी सरकार इंग्रजांच्याच करारात राहिलं. याच्याविरुद्ध बोलायला ना सभागृह उरलं होतं, ना वर्तमानपत्र, ना मोर्चा. उरली बराक. आणि बराकीत तोवर सुतार-दुकानदारांची मुलं अधिकारी झाली होती. कासिमचे वडील सुतारच. पॅलेस्टाईनच्या १९४८च्या पराभवाची सल त्यांच्या मनात होतीच.

इथे माझ्या या मांडणीला एक तडा जातो, तो लपवत नाही. जॉर्डनचा राजा हुसेन हा फैसलचा भाऊबंदच. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, आणि दोघांनी कारभारही एकाच दिवशी हाती घेतला, २ मे १९५३ला. हुसेननेही १९५७ मध्ये पक्ष बंद केले, लष्करी कायदा लावला. तरी तो टिकला. का? एक तर दंगली झाल्यावर तो बगदाद करारापासून लांब राहिला आणि मार्च १९५६ मध्ये त्याने आपल्या फौजेचा इंग्रज सेनापती ग्लब याला घरी पाठवलं. लोकांचा राग कुठे आहे हे त्याला कळत होतं. दुसरं असं, की बगदाद पडल्यावर तीनच दिवसांनी इंग्रज छत्रीधारी सैनिक अम्मानला उतरले. हुशारी किती आणि नशीब किती, हे मला तोलता येत नाही.

कासिमचं काय झालं, हे काकांच्या मेसेजमध्ये नसतं. माणूस पैशाला स्वच्छ. सप्टेंबर १९५८ मध्येच त्याने जमीनधारणेवर मर्यादा घातली, १९५९ मध्ये बायकांच्या बाजूचा कुटुंबकायदा केला, सरीफावाल्यांसाठी वसाहत वसवली. फक्त निवडणूक घेतली नाही. आज घेऊ, उद्या घेऊ करत साडेचार वर्षं गेली. फेब्रुवारी १९६३ मध्ये, रमजानच्या महिन्यात, दुसरं बंड झालं आणि त्यात आरिफ पलीकडच्या बाजूला होता. कासिमला गोळ्या घालून त्याचा मृतदेह टीव्हीवर दाखवला. १९६८ मध्ये आणखी एक बंड झालं, त्यातून बाथ पक्ष आला आणि १९७९ मध्ये सद्दाम.

१९६३ला तो टीव्ही अम्मूंच्या शेजाऱ्यांकडे होता. एका शिपायाने प्रेताचे केस धरून डोकं वर उचललं, तेव्हा मास्तर उठून घरी आले आणि त्यांनी मुलांना पाढे म्हणायला बसवलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाने अंगठा टाकला. काकांचं उत्तर संध्याकाळी आलं : 'समजलं. पण रस्त्याचं काय?' प्रश्न रास्त आहे. पुढच्या महिन्यात तिकडे जिल्हा परिषदेच्या जागेवर एकमत करायची बैठक आहे, आणि काकांना तिचं निमंत्रण आहे.