शिल्पावर चढू नये

नागपुरात तुमच्या ले-आऊटमध्ये गार्डनसाठी सोडलेली जागा अजून शिल्लक असेल आणि संध्याकाळी तिथे पोट्टे क्रिकेट खेळत असतील, तर उशीर करू नका. तिथे बालपणाच्या आनंदावर एक शिल्प तातडीने उभारा.

सर्वात आधी पोट्टे हटवा. खरी मुलं धावत असली की धावणाऱ्या मुलांचा पुतळा कोणी पाहत नाही. मग सिमेंटचे गट्टू बसवून घ्या. मातीत गोट्यांसाठी गल करता येते, गट्टूंवर कंचे खेळता येत नाहीत, त्यामुळे प्रश्न मुळातूनच सुटतो. भोवती कठडा हवाच. त्यावर पाटी: ‘शिल्पावर चढू नये. बॉल खेळण्यास मनाई आहे.’ पाटीखाली शिल्पाचं नाव, शक्यतो ‘मुक्त बालपण’.

शिल्प लोखंडाचं घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा शिल्पातल्या घसरगुंडीला हात लावायची कोणाची छाती होणार नाही. चौकीदाराचा पगार वाचतो.

विविधतेकडे विशेष लक्ष द्या. चार मुलं, हात हातात: एकाला फेटा, एकाला गोल टोपी, एकाच्या गळ्यात क्रूस, एकाच्या कपाळाला गंध. चौघांचा साचा एकच ठेवा. खर्चही कमी आणि एकात्मताही साधते. वेगवेगळ्या समाजांच्या वस्त्यांत, म्हणजे जरीपटक्यात, मोमिनपुऱ्यात, इंदोऱ्यात, पोट्टे काय खेळतात हे विचारायला मात्र जाऊ नका. संक्रांतीला तिन्हीकडच्या गच्च्यांवरून पतंग कापल्याची एकच ‘ओ काट’ ऐकू आली, तर विविधता दाखवायची कशी? (पतंग दाखवलाच तर मांजा साधा ठेवा. नायलॉनला बंदी आहे. निदान पुतळ्याने तरी ती पाळावी.)

पैसे उरले की भिंत रंगवा. भिंतीवर वारली. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने; पण नाचायला वारली बोलवायचे ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकावरून. पेंटरला तेवढंच येतं आणि बिलात ‘आदिवासी कला’ असंच लिहायचं असतं.

बैठकीत एखादा वाचणारा माणूस असतोच. तो सांगेल की आल्डो व्हॅन आयक या डच वास्तुरचनाकाराने १९४७ पासून ॲमस्टरडॅमच्या रिकाम्या कोपऱ्यांत वाळूचे हौद आणि चढायच्या कमानी बसवत सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या. किंवा इसामू नोगुची या शिल्पकाराने १९७६ मध्ये अटलांटाच्या बागेत घसरगुंड्या आणि झोकेच शिल्प म्हणून उभे केले, आणि मुलं त्यांवर चढतात. त्याला चहा द्या आणि विषय कोनशिलेकडे वळवा.

खरा धोका घरातूनच आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोट्टे चाकांचे लाकडी बैल सजवून रस्त्याने ओढत नेतात आणि दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी इतवारी-महालाकडे मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, असतात. त्यांवर कागद चिकटवायला गल्लीतली मुलं असतात, आणि बडग्यावर कोणाचं थोबाड येईल याचा नेम नसतो: महागाईचं, खड्ड्याचं, कधी नेत्याचंही. ‘घेऊन जा गे मारबत!’ म्हणत गर्दी सगळं शहराबाहेर नेते आणि जाळून टाकते. आता मला सांगा, या कलेत तुमचं काय उरलं? कोनशिला बसवायला जागा नाही, देखभालीचं कंत्राट नाही, राखेसोबत फोटो काढणार कोण? शिवाय तुमच्या शिल्पाचं बिल बाहेर फुटलं, तर पुढच्या वर्षीचा बडगा तुमच्याच चेहऱ्याचा निघायचा. तेव्हा ‘स्थानिक परंपरा’ हा शब्द भाषणात जरूर घ्या, अंदाजपत्रकात घेऊ नका.

उद्घाटनाला शाळेची मुलं सकाळी आठलाच आणून बसवा; पाहुणे साडेअकराला येतात. मुलांना ‘खेळू द्या आम्हाला’ असे फलक धरायला द्या. कोणी जागचा उठलाच तर मास्तरांनी डोळे वटारावेत.

देखभालीचा निधी ठेवू नका. दोन पावसाळ्यांत फेट्याचा आणि टोपीचा रंग सारखाच होतो, मग लोखंड गंजतं, मग एखादं पोट्टं कठड्यावरून आत शिरतं आणि बॉल शोधता शोधता पुतळ्याच्या खांद्यावर बसतं. तेवढ्यात नवीन निविदा काढा. या वेळी विषय ठेवा ‘हरवलेली मैदानं’. जागा तीच चालेल.