गुलाबी आहे म्हणून ते क्युअरिंग सॉल्ट होत नाही

नाताळला दोन दिवस उरले असताना, हॅमसाठी दहा दिवस खारवून शिजवलेली डुकराची पाच किलोची मांडी मी पातेल्यातून बाहेर काढली, हाडाजवळून पहिला काप घेतला आणि तो आतून करडा निघाला. उकडलेल्या मटणाचा असतो तसा मातकट करडा, कडेला गुलाबीची साधी रेघही नाही. घरी हॅम करणाऱ्यांना त्या क्षणी पोटात कसा गोळा येतो हे सांगायला नको.

मी मागवले होते क्युअरिंग सॉल्ट क्रमांक एक, म्हणजे मांस खारवायचे नायट्राइटवाले मीठ. पुडीवर नावही तेच होते, आतली पूडही गुलाबी होती, आणि दहा दिवसांपूर्वी मी त्यातले २० ग्रॅम काट्यावर मोजून निर्धास्तपणे पाण्यात विरघळवले होते. त्या रात्री उरलेली पुडी पुन्हा उघडली आणि चिमूटभर पांढऱ्या बशीत पसरली. खरे क्युअरिंग सॉल्ट एकसारख्या रंगाचे असते, कारण त्याला रंग मुद्दाम दिलेला असतो. बशीतले काही कण जवळजवळ पांढरे होते, काही विटकरी होते, आणि पाणी ओतल्यावर तळाशी बारीक माती बसली. उपवासाच्या साबुदाण्यात घालतात ते सैंधव मी हॅमला लावले होते, आणि तेही क्युअरिंग सॉल्टची किंमत मोजून.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दोन्ही पिंक सॉल्टच असतं ना." मी त्याला विचारले की त्यात सोडियम नायट्राइट किती टक्के आहे. तो म्हणाला, "आमचं नॅचरल आहे, केमिकल काहीच नाही." जे नसल्यामुळे माझी पाच किलोची मांडी वाया गेली, तेच नसल्याचे तो मला गुण म्हणून ऐकवत होता! वर आणखी सल्ला दिला की रंगच हवा असेल तर थोडे बीट घाला. या वाक्यानंतर माझा आवाज इतका चढला की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटत नाही.

क्युअरिंग सॉल्ट क्रमांक एकमध्ये ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असते आणि बाकीचे साधे मीठ. दर किलोला अडीच ग्रॅम हे त्याचे माप. माझे मांस आणि पाणी मिळून आठ किलो होते, म्हणून २० ग्रॅम. हे नायट्राइट मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जुळते म्हणून शिजल्यावरही हॅम गुलाबी राहतो, पण ते घालतात ते काही शोभेसाठी नव्हे. हवा न पोहोचणाऱ्या जागी, म्हणजे नेमके जाड मांडीत हाडाजवळ, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जे जंतू वाढू शकतात त्यांना ते रोखते, आणि त्या रोगाचे नावच लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून पडले आहे. या मिठाला गुलाबी रंग देतात तोसुद्धा कोणी ते जेवणातले मीठ समजून वापरू नये म्हणून. आता हा माणूस सैंधवाच्या पुडीवर क्युअरिंग सॉल्ट लिहितो आहे. उद्या याच्याच गोदामात उलटी अदलाबदल झाली आणि नायट्राइटची पुडी सैंधव म्हणून एखाद्या घरात एकादशीला पोहोचली, तर ते विष आहे. हे मी त्याला दोनदा सांगितले. तो म्हणाला, "तशी कम्प्लेंट अजून कोणाची आली नाही."

नाशिकला शरणपूर रोडवर राहून दर डिसेंबरला हॅम करायचा म्हणजे आधीच काय कमी कटकट असते? मांस विकणाऱ्याला मी चार वेळा बजावले होते की कातडी ठेवा, चरबीला चौकटी पाडून वरून गूळ, मोहरी आणि लवंगा लावायच्या आहेत. त्याने कातडी सोलून, वर उपकार केल्यासारखे "साफ करून दिलंय" म्हणून मांडी हातात दिली. पाककृती वाचाव्यात तर निम्म्या "हॅम घ्या" इथूनच सुरू होतात, कारण अमेरिकेत तो दुकानातच खारवलेला आणि शिजवलेला मिळतो आणि घरी फक्त ६० अंशांपर्यंत गरम करायचा असतो. उरलेल्या निम्म्यांत "चवीनुसार मीठ" लिहिलेले असते. दहा दिवस मुरणाऱ्या मांसाची चव पहिल्या दिवशी कोणी आणि कशी घ्यायची? आमच्या आत्या दर वर्षी विचारतात, कुकरला सात शिट्ट्या केल्या तर होणार नाही का? नाही होणार. पाणी ८० अंशांच्या वर जाऊ न देता, हाडाजवळचा तापमापक ६८ दाखवेपर्यंत मंद आचेवर तासन्‌तास उभे राहावे लागते, तेव्हा काप सुटा न होता अखंड पडतो. आणि खारवण्याच्या सातव्या दिवशी भर दुपारी साडेतीन तास वीज गेली होती, तेव्हा फ्रिजच्या आत तापमान चार अंशांच्या वर जाऊ नये म्हणून बर्फाच्या लाद्या आणून मी पातेल्याभोवती रचल्या होत्या. त्या लाद्या मी सैंधवाच्या पाण्यासाठी वाहिल्या.

बाबा देवळालीला एका मेसमध्ये आचारी होते. ते सोरा, म्हणजे मांस खारवायचा जुना नायट्रेटचा क्षार, वापरत आणि कच्चे अंडे तरंगले की खारे पाणी झाले असे मानत. त्यांच्या सोऱ्याच्या पुडीत सोराच असे, कारण देणाऱ्या वाण्याला सोरा म्हणजे काय हे ठाऊक होते. मांसाबद्दल मनात शंका आली की ते पानात वाढायचे नाही, हा त्यांचा नियम मी कधी मोडला नाही आणि या वेळीही मोडला नाही. वरून सोनेरी दिसणारी, लवंगांचा वास येणारी पाच किलोची मांडी मी तीन पिशव्यांत बांधली आणि सकाळी घंटागाडीत टाकून आले. पंचवीस तारखेला बारा माणसे जेवायला होती. त्यांना कोंबडी वाढली.

विक्रेत्याने पुडीचे १८० रुपये परत केले. मांडीचे, बर्फाचे, दहा दिवसांचे काही नाही. आज सकाळी पुन्हा पाहिले, तर त्याच्या यादीत ती पुडी अजून त्याच नावाने विकायला आहे.